नानाची सूनबाई माहेरी

आमच्या हिराजीनानाचा ट्रॅक्टर आजवर एकदाही बंद पडलेला नाही. 'बंद पडला' हे शब्द त्याच्यासमोर काढायची सोयच नाही. नानाच्या लेखी तो ट्रॅक्टर म्हणजे घरात आणलेली सून. सूनबाई रुसते, सूनबाईच्या अंगात कणकण असते, आणि फारच झालं तर सूनबाई माहेरी जाते. माहेर म्हणजे माणगावला हायवेवर असलेलं ट्रॅक्टरचं शोरूम.

गेल्या वर्षी आमच्याकडे कृषी सहाय्यक म्हणून नवीन बाई आल्या. नाशिककडच्या. नानाच्या ओटीवर बसून पिकाची नोंद घेता घेता त्यांनी सहज विचारलं, घरात कोण कोण असतं?

नाना बोलला, "मी, ही, आणि सूनबाई. पण ती आता माहेरी हाय. दोन म्हैने झाले, धाडीत न्हाईत."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "का हो, काही भांडण वगैरे?"

"भांडण कसलं? सकाळी उठवायला चार माणसं लागतात, ढकलायला. उठली की घरभर धूर. आणि पिते किती, इचारू नका!"

बाई वही मिटून उठल्या. दुसऱ्या दिवशी तंटामुक्तीचे अध्यक्ष समेट घडवायला नानाच्या दारात हजर. ते गावचेच, त्यांना सगळं ठाऊक. पण बाईंच्या शब्दाखातर आले, दोन कप चहा प्याले, रिकाम्या गोठ्यात डोकावून सूनबाईची जागा पाहिली आणि गेले. पुढे आठ दिवस गावात दुसरा विषय नव्हता.

आता मी कोण ते सांगतो. मी नानाचा चुलत भाऊ, वयाने सहा वर्षांनी लहान. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे, त्यामुळे त्याच्याकडे फोडणी पडली की ठसका मला लागतो. तालुक्याच्या कचेरीत तीस वर्षं नकला उतरवण्यात घालवली आणि आता गावी शेती बघतो. मला नानाचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचताना तुम्हाला वाटेल की हा माणूस एवढा का चरफडतोय.

नानाने ट्रॅक्टर घेतला त्याला तीन वर्षं झाली. मी बरोबर गेलो होतो. शोरूमवाल्यांनी त्याला झेंडूचा हार घातला, पेढा भरवला आणि हातभर लांबीची पुठ्ठ्याची चावी हातात देऊन फोटो काढायला उभा केला. शेजारी शोरूमचे मालक, कडक इस्त्रीतले शेठ. फोटोवाला "हसा" म्हणाला मात्र, नानाने चावी बगलेत मारली आणि शेठना कडकडून मिठी मारली. "दिलीत तुमची लेक, आता आपण व्याही! काय काळजी करू नका, नीट सांभाळू." शेठ त्या मिठीत अर्धे दिसेनासे झाले. "हो हो, आपलंच घर आहे," ते आतून म्हणाले. एवढं एकच वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. नानाने ते गाठीला बांधलं.

माझाही ट्रॅक्टर आहे. त्याच्या आदल्याच वर्षी मी तो पालीकडच्या एका शेतकऱ्याकडून जुना घेतला. त्या गृहस्थाने सुतळीत ओवलेली चावी माझ्या हातावर ठेवली आणि "गुरं यायच्या आत काढा, वाट अडते," म्हणून सांगितलं. हार सोडाच, पाणीही विचारलं नाही. हा माझा ट्रॅक्टर चार वर्षांत एक दिवस बंद पडलेला नाही.

नानाची सूनबाई तिसऱ्याच दिवशी रुसली. सेल्फ मारला की नुसती खर्र करायची. मग पंपाने हवा धरली. मग क्लच गेला. एकदा तर रोटावेटर वर उचलला तो वरच राहिला, काही केल्या खाली येईना. नाना कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "पदर खोचून बसली हाय. आज काय ऐकत न्हाय." त्या अवस्थेत ती महिनाभर अंगणात होती. वहिनी ट्रॉलीत वाल वाळत घालायच्या.

नाना शोरूमला फोन करायचा. शेठ कधी फोनवर यायचे नाहीत. "मेकॅनिक उद्या पाठवतो," असं उत्तर यायचं. नानाने त्या 'उद्या'ला 'व्याह्यांचा उद्या' असं नावच पाडलं आणि आमच्या गावात ते रूढ झालं. कोणी उसनी घेतलेली कोयती परत करत नसला की लोक विचारतात, कधी देणार, व्याह्यांच्या उद्याला का? कधीमधी एक मेकॅनिक यायचाही. सगळं खोलायचा, स्क्रू वहिनींच्या ताटलीत काढून ठेवायचा, "पार्ट कंपनीतून यायचाय" म्हणायचा आणि जायचा. त्या ताटलीतच आम्ही पुढे तीन आठवडे स्क्रू बघितले. शेवटी टेम्पो यायचा आणि सूनबाईची माहेरी पाठवणी व्हायची. नाना तिच्या बॉनेटवर हळदकुंकू वाहायचा, वहिनी दृष्ट काढायच्या आणि अर्धं गाव वेशीपर्यंत पोचवायला जायचं.

इथेच माझ्या पोटात दुखायला लागतं. गावातला जो तो नानाकडे. सूनबाई कशी आहे, ताप उतरला का, माहेराहून काही निरोप? कोणी म्हणणार नोझल बघा, कोणी म्हणणार डिझेलच खराब. ओटीवर चहावर चहा. आणि पलीकडच्या ओटीवर मी, माझ्या चालू ट्रॅक्टरसह एकटा. चालू ट्रॅक्टरबद्दल काय बोलणार?

बरं, नानाच्या खाचरांची चिखलणी दरवर्षी करतं कोण? मी. माझ्या ट्रॅक्टरने. मी गुडघाभर चिखलात लोखंडी चाकं लावून गरागरा फिरतोय आणि नाना बांधावर छत्री घेऊन उभा. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतोय, "हितं आमची सूनबाई असती ना, तर दोन तासांत उरकलं असतं. तिचा उरक काय वेगळाच!" आणि लोक मान डोलावतात! तोंडावर उडालेला चिखल पुसत मी ते बघतो. काम माझ्या ट्रॅक्टरचं आणि कौतुक तिचं.

एकदा मी माझ्या ट्रॅक्टरला नाव ठेवून पाहिलं. 'राजा.' आमच्या हिने ऐकलं आणि ती इतकी हसली की मला पुन्हा ते उच्चारायची हिंमत झाली नाही. मग एकदा मी खोटंच सांगितलं की माझा ट्रॅक्टर बंद पडला. दिवसभर ओटीवर बसून राहिलो. संध्याकाळी एक जण आला. मी लगबगीने खुर्ची पुढे केली. तो म्हणाला, "बसत न्हाय, नानाची सूनबाई आली का ते बघाया आलो, त्याचं दार लावलेलं हाय." मी खुर्ची आत नेऊन ठेवली.

पण नानाला शोरूमकडून काय हवं होतं, ते कोणालाच नीट कळत नव्हतं. लोक म्हणत, ग्राहक मंचात जा, ट्रॅक्टर बदलून माग. नाना कानांवर हात ठेवायचा. "लेक बदलून मागतात व्हय?" त्याचं म्हणणं एवढंच होतं की शेठने एकदा आमच्या दारात यावं. मुलगी सासरी आजारी पडली तर तिच्या बापाने येऊन बघून जायचं असतं. औषध त्याच्याकडे असो वा नसो. "नुसता येऊन तिच्याकडं बघू दे. हात लावू दे. मग ती न्हाय चालली तरी माझं काय म्हणणं न्हाय."

त्यासाठी तो शेठना पत्रं पाठवायचा. लिहायचो मी, कारण अक्षर माझं. मजकूर त्याचा. "रा. रा. व्याहीबुवा यांस सप्रेम नमस्कार. आपली मुलगी आमच्याकडे आल्यापासून तिच्या प्रकृतीस आराम नाही. सकाळी खोकला येतो, तोंडावाटे काळा धूर जातो, डावा ब्रेक धरत नाही. तरी आपण समक्ष येऊन पाहून जावे. येताना जेवूनच जायचे असे यावे." असं एक पत्र पोचल्यावर शोरूममधल्या मुलीचा काळजीने फोन आला, "काका, पेशंटचं वय काय?" शेठचं मात्र उत्तर नाही. मी अशी अकरा पत्रं लिहिली. शोरूममध्ये गेल्यावर लोक नानालाच ओळखायचे, "या व्याही!" म्हणून हसायचे. पत्रं कोणाच्या अक्षरात आहेत, ते कोणी विचारलं नाही.

यंदा लावणी उरकली आणि आषाढ संपता संपता शोरूममधून फोन आला. शेठ रविवारी श्रीवर्धनला जाणार आहेत, जाता जाता येऊन जातील.

नानाच्या अंगात वारं शिरलं. ओटी सारवली. सूनबाई त्या वेळी माहेरीच होती, तरी तिची जागा झाडून काढली. शेठसाठी टॉवेल-टोपी-नारळ आणला. वहिनींनी कोंबडी केली आणि वडे थापायला आमच्या हिला बोलावून घेतलं. ती सकाळी सातला गेली ती गेलीच. मी घरात चहाही स्वतः करून प्यालो. भिंतीपलीकडून मसाल्याचा वास येत होता आणि मी आतल्या आत जळत होतो. कडक इस्त्रीतला माणूस गाडीतून नानाच्या दारात उतरणार! माझ्याकडे तीस वर्षांत कचेरीतला शिपाईसुद्धा कधी जेवायला आला नव्हता.

अकरा वाजल्यापासून नाना फाट्यावर हार घेऊन उभा होता. मी म्हटलं छत्री धरायला जातो, पण खरं म्हणजे मला बघायचं होतं. दोनच्या सुमारास शेठची पांढरी गाडी आली. हळू झाली. नाना पुढे झाला, हाराची गाठ सोडवली. काच चार बोटं खाली आली, आतून एक हात हलला, आणि गाडी तशीच म्हसळ्याच्या रस्त्याला लागली. दोन मिनिटांनी फोन वाजला. "काका, साहेबांना घाई होती. मेकॅनिक उद्या पाठवतो."

आम्ही परत आलो. वहिनींनी पानं वाढली. तेवढ्यातही नाना म्हणाला, "शेठचं ताट झाकून ठेव, परतीला येतील." चांगल्या फोडी त्या ताटात झाकल्या गेल्या, माझ्या वाट्याला मान आणि रस्सा. आणि मग नानाचं सुरू झालं. "कसला बाप ह्यो? तीन वर्षं झाली लेक देऊन! दारावरनं गेला, उतरला न्हाय! काळीज हाय का दगड? बापाला एकदा तरी वाटू नये, जाऊन बघावं पोर कशी हाय?"

मी भुकेला होतो. त्याची सगळी खाचरं आठवड्यापूर्वी चिखलून दिली होती, आणि मला कोणी वडा घे म्हटलं नव्हतं. तीन वर्षांची जळजळ एकदम वर आली.

"तू किती वेळा गेलास दिवेआगरला?" मी म्हणालो.

वहिनींचा हात वाढता वाढता थांबला. आमची ही माझ्याकडे अशी बघायला लागली की मी खाली बघितलं.

दिवेआगरला शालू असते. नानाची एकुलती एक मुलगी. सात वर्षांपूर्वी तिथल्या नारळ-सुपारीच्या वाडीत दिली. आणि सात वर्षांत नाना तिच्या घरी गेलेला नाही. वहिनी वर्षातून एकदा रोह्याला भावाकडे जाते म्हणून निघतात आणि चार दिवस लेकीकडे राहून येतात. निघताना नाना त्यांच्याबरोबर नव्या तांदळाचे पोहे बांधून देतो. भावाला दे म्हणतो. भाऊ वारल्याला पाच वर्षं झाली.

हे सगळं ज्यामुळे झालं ते आता सांगायलाच हवं. लग्नात व्याहीभेट असते. मुलाचा बाप आणि मुलीचा बाप एकमेकांना हार घालतात, उराउरी भेटतात. मग मामा मामाला, काका काकाला. शालूच्या सासऱ्यांची नजर तेव्हाच अधू होती, आणि फेटा बांधताना चष्मा कोणाच्या तरी खिशात राहिला होता. ते हार घेऊन हसत हसत पुढे आले आणि त्यांनी तो नानाऐवजी माझ्या गळ्यात घातला. मला मिठी मारली. सनई वाजत होती, फोटो निघाले. 'मी नव्हे, हे वडील,' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो नाही. नंतर मी सगळ्यांना सांगितलं की गडबडीत मला कळलंच नाही. मला चांगलं कळलं होतं. माझ्या गळ्यात आयुष्यात पहिल्यांदा हार पडला होता आणि तो मला काढावासा वाटला नाही.

लोक हसले. व्याही ओशाळून दुसरा हार शोधायला गेले, तोवर नाना मांडवामागे आचाऱ्यांत जाऊन बसला होता. "व्याह्यांनी माझ्या दारात यावं, मग बघू," एवढंच बोलला. व्याही येणार होते. पण मग वादळ आलं, त्यांची वाडी आडवी झाली, आणि ते राहून गेलं. शालू सुरुवातीला गणपतीला यायची. नाना तिच्याशी बोलायचा, पण सासरचं नाव निघालं की उठून गोठ्यात जायचा. हळूहळू तिचं येणं कमी झालं. वादळानंतर मात्र नानाने मला ताडपत्र्या, तांदूळ, रॉकेल असं टेम्पोभर सामान देऊन दिवेआगरला पाठवलं. वर बजावलं, "तुझ्या नावानं दे." मी दिलं. शालू अजून फोनवर म्हणते, काका, तुम्ही होतात म्हणून उभे राहिलो. तेही मी दुरुस्त केलेलं नाही.

नानाने ताटाची कड धरली. मला वाटलं, आता ताट भिरकावतो. तो म्हणाला, "तुझ्या गळ्यात हार पडला तवा मी दोन पावलांवर हुतो. बोलणार हुतो. पण तुझं तोंड बघितलं, बाबू. असा हसताना तुला मी कधी बघितला नव्हता. म्हटलं, ऱ्हाऊ दे, घेऊ दे त्याला. मग लोक हसली आणि मला राग आला. तो तुझ्यावर काढायचा हुता, तो त्या म्हाताऱ्यावर काढला. आता कुठल्या तोंडानं जाऊ? गेलो तर सांगावं लागेल, हार घेणारा गप का बसला ते."

मी हातातला घास खाली ठेवला. जन्मभर मी ज्याचा हेवा केला, त्याने आपला हार मला ठेवू दिला होता आणि वर सात वर्षं माझी लाज झाकली होती. मला स्वतःची शिसारी आली. वहिनींनी शेठचं झाकलेलं ताट उघडलं आणि त्यातल्या फोडी माझ्या पानात वाढल्या. मी त्या पानाच्या कडेला सारल्या.

सकाळी सहाला भिंतीवर थाप पडली. बाहेर येऊन बघतो तर नाना ओटीवर इस्त्रीचा सदरा घालून उभा, पायाशी तांदळाचं पोतं. "एसटीचा काय भरवसा न्हाय. तुझा ट्रॅक्टर काढ. तो पोचवील."

चार वर्षांत माझ्या ट्रॅक्टरबद्दल कोणी काढलेले हे पहिले चांगले शब्द. मी लुंगीतच चावी शोधायला धावलो. दिवेआगरपर्यंत ट्रॅक्टरने जायला जवळजवळ चार तास लागले. नाना मडगार्डवर बसला होता, छत्री उलटी व्हायची ती सरळ करत. म्हसळ्याच्या चढावर म्हणाला, "गुणी हाय रे तुझा." 

वाडीच्या बेड्यापाशी, त्या आडव्या बांबूंच्या फाटकाशी, आवाज ऐकून शालू बाहेर आली. हात पिठाने भरलेले. आधी तिला मी दिसलो. "काका! असे अचानक?" मग मडगार्डवरून उतरणारा नाना दिसला आणि ती होती तिथेच थांबली.

नाना पोतं उतरवून घ्यायच्या नादात असल्यासारखा उभा राहिला. "शेठ येणार हुता," तो तिला म्हणाला, "तो आला न्हाय. म्हटलं, निदान मी तरी जावं."

कोण शेठ, कुठला शेठ, तिला काय ठाऊक? ती तशीच पिठाच्या हातांनी त्याच्या सदऱ्याला येऊन बिलगली.

ओटीवरून तिचे सासरे खांबाला धरत पुढे आले. त्यांना आता जवळजवळ दिसत नाही. "कोण आलंय गं? खताचा ट्रॅक्टर काय?"

शालूने सदऱ्यातून तोंड काढलं नाही. नानाही तिच्या डोक्यावर हात ठेवून नुसता उभा. मी इंजिन बंद केलं.

"मुलीचे वडील आलेत," मी मोठ्याने म्हणालो. "मी त्यांचा भाऊ. नुसता ट्रॅक्टर घेऊन आलोय."